केनरचा १९७९ चा एलियन घेताना

केनर या अमेरिकी खेळणी कंपनीची, ‘एलियन’ या भयपटातल्या परग्रहावरच्या प्राण्याची ही १८ इंची मूर्ती १९७९ सालची. चित्रपट मोठ्यांसाठी आणि खेळणं मात्र मुलांच्या दुकानात. पालक वैतागले, यात नवल नाही.

घेताना आधी डोकं बघा. वरचं पारदर्शक कवच बहुधा हरवलेलं तरी असतं नाहीतर नंतर बनवलेलं बसवलेलं असतं, म्हणून विक्रेत्याला तसं थेट विचारा. आत अंधारात चमकणारी कवटी असते. दोन मिनिटं दिव्याखाली धरून खोलीत अंधार करा. मग डोक्यामागचा खटका दाबून आतला जबडा पुढे येतो का, ते पाहा. अडकला तर जोर लावू नका, जुनं प्लास्टिक तडकतं. पाठीवरचे सुळके आणि शेपूट मोजूनच पैसे द्या.

स्वच्छतेला कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश. बुडवायचं नाही, आत पाणी राहिलं तर स्प्रिंग गंजते. थिनर किंवा ॲसिटोन लावलंत की पृष्ठभाग विरघळलाच म्हणून समजा. शेजारी मऊ व्हिनाइल प्लास्टिकची राक्षसांची खेळणी टेकवू नका; त्यांतलं तेलकट द्रव्य झिरपून कडक प्लास्टिकवर चिकट डाग पडतात.