हिंदनगरचा पहारा : कोरियातलं भारतीय सैन्य, १९५३-५४

२७ जुलै १९५३ रोजी कोरियात शस्त्रसंधी झाली, पण मायदेशी परतायला नकार देणाऱ्या युद्धबंद्यांचा प्रश्न उरला. त्यावर पाच तटस्थ देशांचा आयोग नेमला गेला. अध्यक्ष भारताचे लेफ्टनंट जनरल थिमय्या. इतर चौघे म्हणजे स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया. पहाऱ्याला सैन्य मात्र एकट्या भारताचं : ‘कस्टोडियन फोर्स इंडिया’. त्याचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात, कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावचे. त्यातल्या १९०व्या इन्फंट्री ब्रिगेडच्या पलटणींत मराठा परंपरेची २ पॅरा ही छत्रीधारी पलटणही होती.

अडचण पोहोचण्यापासूनच. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांना भारतीय जवान आपल्या भूमीवर नको होते. मग इंचॉनच्या समुद्रात उभ्या असलेल्या ‘पॉइंट क्रूझ’ या अमेरिकी विमानवाहू जहाजावरून हेलिकॉप्टरच्या फेऱ्या मारून सुमारे ६,००० माणसं थेट दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवली गेली. तिथल्या छावणीचं नाव हिंदनगर.

कैदी दोन बाजूंचे. दक्षिणेकडून, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या फौजांच्या ताब्यातून, आलेले सुमारे २२,६००, त्यांतले १४,७०० च्या आसपास चिनी, बाकी उत्तर कोरियन. उत्तरेकडून आलेले अवघे ३५९, त्यांत २३ अमेरिकन आणि एक ब्रिटिश. दक्षिणेकडच्यांना साधारण पाचशे-पाचशेच्या कंपाउंडांत ठेवलं होतं. खरी गोम इथेच होती. आत आधीपासून कडक संघटना, म्होरके, पक्के कम्युनिस्टविरोधी. आपल्या जवानांचा अंमल तारेच्या कुंपणापर्यंत, आतला अंमल म्होरक्यांचा. मनातून घरी जायचं असलेल्याला रात्री तार ओलांडून भारतीय पहारेकऱ्यापाशी यावं लागे, आणि बरेच जण आले ते असेच.

कराराच्या अटीही हात बांधणाऱ्या. शस्त्रं फक्त लष्करी पोलिसांजवळ असतात तेवढी हलकी. बळ किंवा बळाची धमकी नाही. मुदत ९० दिवस, २३ डिसेंबरपर्यंत. त्या काळात दर हजार कैद्यांमागे जास्तीत जास्त सात प्रतिनिधींनी मायदेशाच्या बाजूने कैद्याला समजवायचं. तंबूत कैदी एकटा येई. समोर पाचही देशांचे प्रतिनिधी, समजावणारा, दुभाषे आणि दुसऱ्या बाजूचे निरीक्षक. बाहेर पडायला दोन दारं : एक मायदेशाचं, दुसरं नकाराचं.

कागदावर हे सोपं होतं. प्रत्यक्षात पहिली समजावणी झाली १५ ऑक्टोबरला. चिनी प्रतिनिधी एकेका कैद्याशी तासन्‌तास बोलत बसत, त्यामुळे दिवसाकाठी मोजकेच उरकत. समजावणी झालेल्यांना न झालेल्यांपासून वेगळं ठेवायचा प्रश्न आला की कंपाउंड बाहेरच येईना, आणि ओढून काढायची परवानगी नव्हती. नव्वद दिवसांत काम चाललं ते जेमतेम दहा दिवस. माझ्या मते याचा दोष तंबूला देण्यात अर्थ नाही. म्होरक्यांची पकड शाबूत ठेवून एकेकट्याचं मत विचारणारी योजना इतकीच चालणार होती.

सप्टेंबरच्या अखेरीस चिनी कैद्यांनी भारतीय सैन्यातले मेजर ग्रेवाल यांना कंपाउंडात ओढून नेलं. थोरात स्वतः आत गेले आणि पाहुण्याला चहा-सिगारेटही विचारत नाही, ही कसली रीत, असं त्यांनी फटकारलं. वातावरण निवळलं, ग्रेवाल सुटले. प्रत्येक वेळी असं निभावलं नाही. १ आणि २ ऑक्टोबरला गोळीबार करावा लागला आणि त्यात कैदी मेले.

ज्या राजकीय परिषदेकडे उरलेल्यांचा प्रश्न जायचा, ती भरलीच नाही. थिमय्यांनी २० जानेवारी १९५४ पासून कैदी ज्याच्या त्याच्या बाजूला परत सोपवायला सुरुवात केली. दक्षिणेकडचे शिस्तीत चालत गेले, त्यातले बहुतेक चिनी पुढे तैवानला पोहोचले. एकवीस अमेरिकन उत्तरेच्या बाजूलाच राहिले. दोन्हीकडे जायला नको म्हणणारे ८८ जण आपल्या सैन्याबरोबर भारतात आले.