मधल्या दहा दिवसांत ती वाईनच असते

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ओट्याखालची बरणी दिसली की घरी येणारा हेच विचारतो, "काकू, हे वाईन होय का जी?" आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा, त्यामुळे विचारताना आवाज आपोआप खाली येतो. बरणीत असतो जांभळाचा सिरका, म्हणजे व्हिनेगर. पण त्याच्या वाटेवर वाईन लागतेच, ती चुकवून सिरका होत नाही.

वावरातल्या विहिरीजवळचं जांभूळ मृगाच्या सुमारास पिकतं. दोन किलो जांभळं, उकळून गार केलेलं तीन लिटर पाणी, पाव किलो साखर. फळं चोळून धूत नाही, आंबवणारं यीस्ट सालीवरच असतं. हातानं कुस्करते, बी फुटू देत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सालं वर येऊन थर धरतात. कान लावला तर बारीक चरचर ऐकू येते. यीस्ट साखरेची दारू करतं, त्यातून सुटणारा तो वायू. पहिल्या वर्षी मी झाकण घट्ट फिरवलं आणि रात्री बरणी फुटली. सासूबाईंच्या लोणच्याची काचेची बरणी होती ती, अजून जीव हळहळतो. तेव्हापासून तोंडाला मलमल बांधते, दिवसातून दोनदा लाकडी डावानं ढवळते.

आठ-दहा दिवसांत चरचर थांबते, गोडी जाते. मग गाळून घेते. हीच ती हलकी वाईन. इथंच थांबा, असं बरेच जण सुचवतात. मी थांबत नाही. कायदा आहेच, पण दारूनं बसलेलं एक घर मी माहेरी पाहिलंय.

गाळलेल्या रसात वाटीभर जुना सिरका घालते, दुधाला विरजण लावावं तसा. आता भांडं रुंद तोंडाचं हवं, कारण दारूचं आम्ल करणाऱ्या जिवाणूंना हवा लागते. वर गुळगुळीत साय धरली की काम नीट चाललंय. केसाळ बुरशी दिसली तर सगळं टाकायचं, नुसती वरची काढून भागत नाही. (संत्र्याचाही होतो, पण सालीचा पांढरा भाग राहिला तर कडवट.)

पोळ्याच्या सुमारास मलमल सोडली की वासानं डोळ्यांत पाणी येतं. तान्हा पोळा आटोपला की पहिला चमचा चिरलेल्या कांद्यावर पडतो, झुणका-भाकरीसोबत. विचारणाऱ्याच्या ताटात मी तोच कांदा वाढते.