आबा, रावी आणि सतव्यातली निहारी

दुबईला गेलेल्या माणसाला सगळे बुर्ज खलिफाबद्दल विचारतात. आमच्या आबांना परत आल्यावर गल्लीत कुणी विचारलं, तर ते सतव्यातल्या खानावळीबद्दल सांगायला लागतात. मग उंच इमारतीचा विषय निघतच नाही.

आम्ही उतरलो होतो करामाला, आतेभावाकडे. विकासदादाला तिथे चौदा वर्षं झाली. चौथ्या दिवशी मॉलमधलं थंडगार, गोडसर जेवण खाऊन आबा वैतागले. "आरं, रस्सा कुठं मिळंल का हितं?" दादा म्हणाला, "मामा, चला, रावीवर जाऊ." पाकिस्तानी हॉटेल म्हटल्यावर आबांनी भुवया वर केल्या. मग नावाचा अर्थ विचारला. रावी म्हणजे तीच, लाहोरची नदी. आबा लगेच खुलले. १७५८ साली राघोबादादा लाहोरपर्यंत पोचले होते आणि अटक त्याच्याही पुढे, सिंधूवर, हे त्यांनी आम्हाला टॅक्सीत बसल्यावरही समजावलं. टॅक्सीवाला पेशावरचा होता. तो गालातल्या गालात हसला. मी आबांना कोपरानं ढोसलं.

सतवा हा दुबईचा जुना भाग. शिंप्यांची दुकानं, कापडवाले, गाड्यांच्या सीट शिवणारे, फिलिपिनो खानावळी, सगळं बैठ्या इमारतींच्या तळमजल्यावर. मागे वळून पाहिलं की शेख झायेद रस्त्यावरचे टॉवर दिसतात, पण इथे लोक बनियनवर गॅलरीत कपडे वाळत घालत असतात. रावी इथे १९७८पासून आहे. हिरवी-पांढरी पाटी, फुटपाथवर टेबलं, आत एसीची खोली, कुटुंबांसाठी वेगळी बसायची सोय. २०२२ साली आदिदासने या हॉटेलच्या नावाचे हिरवे-पांढरे बूट काढले होते. दादाने हे सांगितल्यावर आबा म्हणाले, "बूट ऱ्हाऊ दे, रस्सा बघू."

कसं जायचं ते आधी सांगतो. करामाहून टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि चौघं असाल तर तेच परवडतं. मेट्रोने यायचं तर लाल मार्गावर मॅक्स स्टेशनला उतरा (जुने लोक अजून अल जाफिलियाच म्हणतात), तिथून वीसेक मिनिटं चालायचं. हिवाळ्यात हे चालणं छान आहे, मे ते सप्टेंबरमध्ये अजिबात करू नका. सतव्याचं बस स्टेशन त्याहून जवळ आहे, पण बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, नोल कार्डच (तिथल्या बस-मेट्रोचं पैसे भरून ठेवायचं कार्ड) लागतं. टॅक्सीवाल्याला पत्ता सांगत बसू नका, "सतवा, रावी" एवढं पुरतं.

आम्ही गुरुवारी रात्री साडेआठला गेलो. तिथे सुट्टी शनिवार-रविवारची असते आणि शुक्रवार अर्धा दिवस, त्यामुळे शुक्रवार-शनिवारी रात्री जागेसाठी उभं राहावं लागतं, असं दादाचं म्हणणं. रमजानमध्ये वेळा बदलतात आणि इफ्तारच्या सुमाराला तर पाय ठेवायला जागा नसते. थंडीचे दिवस होते, म्हणून आम्ही बाहेरच बसलो. बाहेर बसण्यात खरी मजा आहे, कारण भट्टी दिसते. एक पोरगा पिठाचा गोळा दोन्ही तळव्यांवर आपटून पसरवत होता, गादीसारख्या उशीवर ताणत होता आणि खांद्यापर्यंत हात आत घालून तंदूरच्या भिंतीला चिकटवत होता. मिनिटभरात सळईने ओढून काढली की रोटी थेट टेबलावर. वहिनी म्हणाल्या, "याच्या हातावर केस कसे उरलेत?" मी बघितलं. उरले नव्हते.

बसल्याबसल्या, न मागता, काकडी, कांदा, लिंबू, हिरवी पानं असं ताट समोर येतं. त्याचे पैसे वेगळे पडत नाहीत, घाबरू नका.

आता मागवायचं काय. पहिली चूक आम्ही इथेच केली. चौघांत पाच भाज्या सांगितल्या, कारण कार्डावरचे आकडे बघून दादा म्हणाला की स्वस्त आहे. स्वस्त आहेच, पण वाट्या मोठ्या असतात आणि तेल-तूप हात राखून घालत नाहीत. चौघांना दोन मटण-चिकनचे प्रकार, एक डाळ आणि रोट्या बास. पुढचं रोट्या संपल्यावर ठरवा.

दुसरी गोष्ट, आपल्याकडच्या हॉटेलांत मिळतं तेच नाव बघून मागवू नका. बटर चिकन तिथेही आहे, पण ते खायला दुबईला कशाला जायचं? तिथली कढाई वेगळी. आपल्याकडे कढाई म्हटलं की ढोबळी मिरची आणि काजूची लालभडक ग्रेव्ही. इथे टोमॅटो, आलं, हिरवी मिरची आणि मिरपूड, एवढ्यावर मटण मोठ्या आचेवर परतलेलं असतं. पेशावरी पद्धतीत तर कांदाही नसतो. रस जवळजवळ नाहीच, टोमॅटो मांसाला चिकटून बसतो. ताजी करतात, म्हणून वेळ लागतो. तोवर सीख कबाब घ्या. पाकिस्तानी ढाब्यांवर कढाई बऱ्याचदा अर्ध्या किलोच्या, किलोच्या हिशोबाने देतात, तेव्हा सांगण्याआधी माप विचारा.

आणि निहारी. नहार म्हणजे अरबीत दिवस, त्यावरून निहारी, म्हणजे सकाळचं खाणं. नळीचं मांस रात्रभर मंद आचेवर शिजवतात, रस्सा पिठाने दाटवतात, वर आल्याचे उभे काप, कोथिंबीर, मिरची. इथे एक प्रश्न न लाजता विचारायचा: "बड़े का है या छोटे का?" बडं म्हणजे गाय-बैल-म्हैस, छोटं म्हणजे बकरी-मेंढी. निहारी, हलीम, चपली कबाब हे प्रकार मुळात बड्याचे करतात आणि नुसतं 'गोश्त' म्हटलं की दोन्ही असू शकतं. आम्ही विचारलं. वाढप्याने जराही वाईट वाटून न घेता प्रत्येक पदार्थाचं सांगितलं. त्याला हा प्रश्न रोज कुणी ना कुणी विचारत असणार. आबांचं समाधान झाल्यावरच पुढे सरकलो.

निहारी आली. आबांनी आधी वास घेतला, मग रोटीचा तुकडा नुसत्या तवंगात बुडवला. मग लिंबू पिळलं, आलं टाकलं आणि पाच मिनिटं कुणाशी बोलले नाहीत. "तिखट न्हाई," शेवटी म्हणाले, "पण दम हाय. आपल्या पायाच्या रश्श्याचा थोरला भाऊ." वाटीत एक नळी होती. आबांनी ती कोल्हापुरी पद्धतीने उचलून ताटावर ठोकली, एकदा, दोनदा, शेजारच्या टेबलावरची पोरं वळून बघेपर्यंत. मगज काही निघेना. वाढपी आला, नळी उलटी धरून चमच्याच्या दांड्याने आतून फिरवली आणि अख्खा मगज रोटीवर सरकवला. "चाचा, ठोकने से अंदर बैठ जाता है." आत गेला आणि दुसरी नळी घेऊन आला. तिचे पैसे बिलात नव्हते, मी तपासलं.

वहिनींचा गुरुवार होता, त्यामुळे तडक्याची डाळ आणि भेंडी. डाळ उत्तम होती, लसणाचा तडका वरून कडकडीत दिलेला. भेंडी मात्र तेलात पोहत होती. शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत, पण स्वयंपाकघर एकच आहे. त्याचं वावडं असेल तर करामात शुद्ध शाकाहारी हॉटेलं आहेत, तिथे जा. दारू मिळत नाही. चहा घ्यायचाच, दूधपत्ती म्हणा, नुसत्या दुधात उकळलेला येतो.

बिल ११८ दिरहम झालं. दिरहमला साधारण २४ रुपये धरा. आदल्या दिवशी मॉलमध्ये आम्ही याच्या दुपटीहून जास्त देऊन पास्ता खाल्ला होता. सुट्टे पैसे जवळ ठेवा, आम्ही नेमके विसरलो आणि टीप ठेवायला दादाला कोपऱ्यावरच्या दुकानातून पाण्याची बाटली घेऊन नोट मोडावी लागली.

उरलेलं बांधून घ्या, सुरेख बांधून देतात, लिंबू-आलं वेगळ्या पुडीत. दुसऱ्या दिवशी निहारीवर तुपाचा थर जमतो. तो काढू नका, थोडं पाणी घालून मंद गॅसवर गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये पिठाच्या गाठी होतात. करामात ज्वारीचं पीठ मिळतं. वहिनींनी सकाळी सातला भाकरी थापल्या, आबांनी तीन खाल्ल्या, आणि बुर्ज खलिफाची साडेदहाची तिकिटं काढलेली असताना पुन्हा जाऊन झोपले.