आमची वाटचाल : खाणीच्या पट्ट्यांपासून नव्या वर्कस्टेशनपर्यंत

गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आमचं छोटं ऑफिस आहे. पीएलसी (कारखान्यातली यंत्रं चालवणारा कंट्रोलर) प्रोग्रॅमिंग, कंट्रोल पॅनेल आणि बंद पडलेली उत्पादनाची लाइन चालू करून देणं, एवढाच धंदा. सुरुवात खाणींवर झाली. डिचोली-साखळीकडचे क्रशर, कन्व्हेयर, बार्जमध्ये खनिज भरायच्या जेटी. कंट्रोलर कुठे सीमेन्सचा एस७-३००, कुठे रॉकवेलचा एसएलसी ५००. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, तशी आमची बिलंही थांबली. २०१५ मध्ये थोडी धुगधुगी आली आणि २०१८ मध्ये पुन्हा सगळं बंद. तोवर आम्ही वेर्ण्याच्या औषध कंपन्यांच्या दारात उभे होतो. तिथली शिस्त वेगळी. खाणीवर फोरमन ओरडला की टायमर बदलायचा. इथे त्याच टायमरसाठी चेंज कंट्रोलचा फॉर्म, मंजुरी, चाचणी आणि सह्या.

या सगळ्या काळात आमचा खरा कारखाना म्हणजे विंडोज ७ चा एक लॅपटॉप. जानेवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार काढून घेतला आणि हळूहळू ग्राहकांचे आयटीवाले त्याला प्लांटच्या नेटवर्कला हात लावू देईनात. नवं वर्कस्टेशन घेतलं ते या कारणासाठी, वेगासाठी नव्हे.

सगळ्यात नाजूक काम परवान्यांचं. सीमेन्सच्या स्टेप ७ या प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअरची लायसन्स की कॉपी होत नाही, ती ऑटोमेशन लायसन्स मॅनेजरमधून हलवावी लागते. आधी हार्ड डिस्क फॉरमॅट केली तर की तिच्यासोबत गेली. रॉकवेलच्या सॉफ्टवेअरचं ॲक्टिव्हेशन मशीनच्या हार्डवेअरशी बांधलेलं. जुन्यावरून परत करायचं, मग नव्यावर घ्यायचं. त्यामुळे दोन्ही मशीन काही काळ शेजारी-शेजारी चालू ठेवावी लागली. इन्स्टॉलेशनच्या सीडी हा आणखी एक ताप. गोव्याच्या पावसाळ्यात कपाटातल्या सीडीवर बुरशी धरते, आणि नव्या मशीनला सीडी ड्राइव्हच नाही. ज्या वाचता आल्या त्यांच्या आयएसओ फाइल (सीडीची हुबेहूब प्रत) करून दोन ठिकाणी ठेवल्या.

"भाई, सगळ्यात नवी आवृत्ती घाला नि मोकळे व्हा," असं एका ग्राहकाच्या मेंटेनन्स इनचार्जने सुचवलं. तसं करता येत नाही. टीआयए पोर्टल या सीमेन्सच्या नव्या सॉफ्टवेअरचा प्रोजेक्ट एकदा नव्या आवृत्तीत नेला की जुनीत उघडत नाही, आणि ग्राहकाकडे जुनीच असते. रॉकवेलच्या कंट्रोललॉजिक्स कंट्रोलरमधल्या फर्मवेअरची मुख्य आवृत्ती सॉफ्टवेअरशी जुळलीच पाहिजे. म्हणून आम्ही प्रत्येक पिढीसाठी वेगळं व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर) केलं. प्रोफिबस नेटवर्कवरच्या उपकरणांची ओळख देणाऱ्या जीएसडी फाइलही ज्यांच्या त्यांच्या मशीनमध्ये आठवणीने घातल्या. त्या नसल्या तर हार्डवेअर कॉन्फिगरेशन उघडताना अर्धी उपकरणं अनोळखी दिसतात.

पण जास्त वेळ गेला तो प्रोजेक्ट तपासण्यात. एस७-३०० मधून प्रोग्रॅम अपलोड केला, म्हणजे लॅपटॉपवर उतरवून घेतला, तर लॉजिक मिळतं, सिम्बॉल (दिलेली नावं) आणि कॉमेंट मिळत नाहीत. समोर नुसते मेमरीचे पत्ते : एम १२.३, डीबी २०. रात्री दोनला कोणता बिट कोणत्या पंपाचा हे कोण सांगणार? ते फक्त आमच्या जुन्या लॅपटॉपमधल्या फाइलींत होतं. उलट, ऑपरेटरने वर्षानुवर्षं जुळवलेले सेटपॉइंट (ठरवून दिलेली मूल्यं) फक्त कंट्रोलरच्या सीपीयूमध्ये होते. तेव्हा प्रत्येक ग्राहकाकडे जाऊन ऑनलाइन-ऑफलाइन, म्हणजे सीपीयूमधले आणि फाइलमधले, प्रोग्रॅमचे ब्लॉक ताडून पाहिले, फरकाची नोंद केली, डेटा ब्लॉकची प्रत्यक्ष मूल्यं उतरवून घेतली, मगच ती फाइल 'अंतिम' म्हणून नव्या मशीनवर ठेवली. या कामाचं बिल कोणी दिलं नाही. तरी धंद्यात आम्ही केलेली हीच सर्वांत शहाणपणाची गुंतवणूक, असं माझं मत आहे.

जुना लॅपटॉप भंगारात काढलेला नाही. त्याला खरा नऊ पिनांचा सिरियल पोर्ट आहे. यूएसबी कन्व्हर्टरवर रॉकवेलचा जुना मायक्रोलॉजिक्स कंट्रोलर कधी बोलतो, कधी रुसतो. नेटवर्कला मात्र हा लॅपटॉप जोडत नाही. खंडेनवमीला नव्या मशीनच्या शेजारी त्यालाही हळदकुंकू लागतं.

आता काम संपवताना कॉमेंटसकट प्रोजेक्ट फाइल, सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती आणि आयपी पत्त्यांचा तक्ता आम्ही ग्राहकाच्या ताब्यात देतो. काही व्यावसायिक मित्र म्हणतात, अशाने ग्राहक उद्या दुसऱ्याकडे जाईल. जाईलही. सध्या एका प्लांटमधल्या एस७-३०० च्या जागी नव्या पिढीचा एस७-१५०० बसवायची तयारी चालू आहे. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुट्टीत लाइन बंद असते, तेव्हाच बदल करायचा ठरलाय.