बत्तीस अंश

मोडेम बंद पडला नसता तर मी त्या दिवशी मास्टवर, म्हणजे वारा मोजायच्या उंच खांबापाशी, गेलोच नसतो. डेटा रोज मेलवर येतो, त्यामुळे वारा मोजणारी आमची जात आता एसीत बसूनच वारा मोजते.

जागा तमिळनाडूतली आरलवायमोळीची खिंड, सह्याद्रीच्या पार दक्षिण टोकाची फट. नैर्ऋत्य मोसमी वारा डोंगरांमधून आवळून इथून सुटतो, म्हणूनच मुप्पंडलभोवती पवनचक्क्यांचं रान उगवलं. त्यातल्या जुन्या यंत्रांपैकी बरीचशी सव्वादोनशे-अडीचशे किलोवॉटची. ती काढून मोठी बसवायचं धोरण केंद्राने २०१६ साली आणलं, डिसेंबर २०२३ मध्ये सुधारलंही. पण एकेका चक्कीचा मालक वेगळा, जमिनीचे तुकडे वेगळे. त्यांची मनधरणी होईपर्यंत वारा मोजणाऱ्याला वर्षभर सवड मिळते. मलाही मिळाली.

शंभर मीटरचा जाळीदार मास्ट. वर समोरासमोर दोन बूम, म्हणजे आडव्या दांड्या, त्यांच्या टोकांना वेग मोजणारे कप, खाली दिशा दाखवणारी व्हेन. व्हेनची उत्तरखूण मास्टकडे करून बसवायची आणि बूमच्या दिशेवरून निघणारा आकडा लॉगरमध्ये, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या पेटीत, भरायचा. एकच आकडा. सगळ्या वर्षाची दिशा त्यावर उभी.

हा आकडा तपासायची माझी एक लाडकी युक्ती आहे. बूमच्या बरोबर उलट बाजूने वारा आला की कप मास्टच्या आड जातो आणि कमी वेग दाखवतो. दोन्ही कपांचं गुणोत्तर दिशेनुसार मांडलं की आलेखात दोन खळगे दिसतात. ते बूमच्या दिशांशी जुळले की पास. आमचे जुळले, अगदी अंशाला अंश. नवशिक्यांना शिकवताना मी हाच आलेख दाखवायचो.

फक्त विंड रोज, म्हणजे वारा कुठून किती येतो त्याचा गोल आलेख, जरा विचित्र होता. पावसाळी वारा ३०२ अंशांवरून, म्हणजे वायव्येकडून, खिंडीला तिरका. मी अहवालात त्यावर एक परिच्छेद लिहिला: कडा, उतार, वाऱ्याचं वळणं वगैरे. सल्लागार कंपनीने त्याला 'उत्तम निरीक्षण' म्हटलं. त्यांनी स्वतः काय निरीक्षण केलं ते विचारू नका.

जूनमध्ये मोडेमसाठी गेलो. वारा असा, की गाडीचं दार दोन हातांनी धरावं लागत होतं. लॉगर उघडला, पडद्यावर ३०१, ३०३, ३०२. मान वर केली. समोर जुन्या चक्क्यांची रांग, चाळीसेक तरी. सगळ्यांची तोंडं पश्चिमेला. एकीचंही वायव्येला नाही.

आधी वाटलं, त्यांचे सेन्सर बिघडले असतील. चाळीसच्या चाळीस! हा विचार माझ्या डोक्यात खरंच आला, म्हणून लिहितोय.

मग मास्टपासून दीडशे मीटर चालत गेलो, दक्षिणेकडच्या बूमच्या सरळ रेषेत उभा राहिलो, जीपीएसवर बिंदू घेतला आणि मास्टपासून तिथवरची दिशा काढली. नोंदीत १८०, प्रत्यक्षात १४८. बत्तीस अंशांचा फरक; म्हणजे वाराही ३०२ नव्हे, २७० अंशांवरून, थेट पश्चिमेकडून. उभारणीचा फोटो मोबाइलमध्ये होता: होकायंत्र मास्टच्या पायाला जवळजवळ टेकवलेलं. इतकं पोलाद शेजारी असल्यावर सुई उत्तर कसली दाखवते! बूमही त्याच सुईने लावलेला, आकडाही त्याच सुईचा. मग खळगे जुळणारच. माझी युक्ती चुकीला चुकीशी ताडून पास करत होती.

फोटोत होकायंत्र धरलेला हात तंत्रज्ञाचा, पण अहवालावर सही माझी. तो तेव्हा म्हणाला होता, "सार, सुई सरकतेय." मी म्हणालो होतो, "वाऱ्याने होतं. लिहा."

वेग बरोबर होता, दिशाच खोटी. एकाच दिशेच्या वाऱ्यात यंत्रं आडवी दाटीने लावता येतात, पंख्याच्या व्यासाच्या तिप्पट अंतरावर. मागची रांग सातपट लांब आणि अर्ध्या अंतराने सरकवलेली, म्हणजे पुढच्यांच्या मधल्या फटीतून तिला वारा मिळतो. कागदावर सुरेख. पण आखणी बत्तीस अंश फिरली की मागचं यंत्र पुढच्या रांगेतल्या दुसऱ्याच एका यंत्राच्या थेट शेपटीत, म्हणजे त्याने मंदावलेल्या वाऱ्यात, जातं. आणि वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनात चालते. वेग दहा टक्के घटला तर ऊर्जा सत्तावीस टक्के जाते.

तोपर्यंत दोन नव्या यंत्रांच्या पायाचे खड्डे खणून झाले होते. मी संध्याकाळी साइटवरूनच फोन केला. प्रकल्पप्रमुख रागावले नाहीत, हेच जास्त लागलं. ते म्हणाले, "बरं झालं, काँक्रीट पडायच्या आत कळलं."

खड्डे बुजवले, आखणी नव्याने केली. तंत्रज्ञाला मी फोन करून सांगितलं, की सुई खरंच सरकत होती. तो "ओके सार" म्हणाला आणि पुढच्या मास्टचं विचारू लागला.

सुधारित अहवालातून तो परिच्छेद मी काढून टाकला. दोन दिवसांनी सल्लागारांचा मेल आला: २७० अंशांसाठीही भूरचनेचं तसंच एखादं स्पष्टीकरण जोडता येईल का?