उम्मत आणि सरहद्द

रात्री उशिरा

आज दिवसभर १९२० च्या हिजरतीचंच, म्हणजे धर्मासाठी देश सोडून जाण्याच्या त्या लाटेचंच, वाचत बसलो. खिलाफत चळवळीचा तो काळ. महायुद्धात हरलेल्या तुर्कस्तानच्या सुलतानाचं, म्हणजे खलिफाचं, आता काय होणार या काळजीनं हिंदुस्थानातले मुसलमान बेचैन झाले होते. इंग्रजी अमलाखाली राहणं धर्माला धरून नाही, असं काही मौलवी सांगू लागले, आणि अफगाणिस्तानच्या अमानुल्लानं ‘या’ म्हटलं. सिंध आणि सरहद्द प्रांतातल्या हजारोंनी घरंदारं, जमिनी, गुरं मिळेल त्या भावात फुंकली आणि भर उन्हाळ्यात बायकापोरांसह खैबरची वाट धरली. ऑगस्टमध्ये काबूलनं हात वर केले. लोंढा थांबवला गेला. परतताना किती तरी जण उन्हानं, तहानेनं, आजारानं वाटेतच गेले. (काही तरुण पुढे ताश्कंदला पोहोचले आणि चक्क कम्युनिस्ट झाले. इतिहासाला असले चाळे सुचतात.)

३ मार्च १९२४ ला तर अंकाराच्या संसदेनं खिलाफतच रद्द केली. ज्या पदासाठी इकडे लोक तुरुंगात गेले, ते तुर्कांनीच मोडीत काढलं.

अमानुल्लाचा मला राग येत नाही. गरीब मुलखाचा राजा, किती तोंडं पोसणार? पण जगभरच्या मुसलमानांची उम्मत म्हणजे एकच राष्ट्र, असं कुणी ठासून सांगितलं की मला ती खिंड आठवेल. जिव्हाळा खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. गाझातल्या बातमीनं जकार्तातली माणसं रस्त्यावर येतात, ते काही ढोंग नाही. पण दाराशी आलेल्या आपल्या माणसाला आत घेणं राष्ट्राला चुकवता येत नाही. उम्मतीत ते कुणावरच बंधनकारक नाही. १९६९ च्या रबात परिषदेतून इस्लामी देशांची संघटना उभी राहिली, आज तिचे ५७ सदस्य आहेत. तिथेही जो तो आपापल्या सरकारच्या नावाची पाटी पुढे ठेवून बसतो. इराण-इराक तर आठ वर्षं लढले.

गंमत म्हणजे मुसलमानांच्या देशनिष्ठेवर संशय घेणारेही मनातून हे राष्ट्र खरंच आहे असं धरून चालतात. दोघांनीही एकदा ढाक्याच्या जिनिव्हा कॅम्प या छावणीतल्या लोकांची हकीकत वाचावी. फाळणीनंतर बिहारमधून वगैरे पूर्व पाकिस्तानात गेलेले हे उर्दूभाषक मुसलमान. १९७१ च्या युद्धात त्यांच्यातल्या अनेकांनी पाकिस्तानची बाजू धरली. त्या पाकिस्तानानं काहींना नेलं, बाकीचे लाखो छावण्यांतच राहिले. शेवटी २००८ मध्ये बांगलादेशच्या उच्च न्यायालयानं निकाल दिला: १९७१ मध्ये जे अल्पवयीन होते किंवा त्यानंतर इथे जन्मले, ते याच देशाचे नागरिक.