उपकंपनीला वेगळं डोमेन हवंच का?

आज दिवसभर एकाच विषयावर मीटिंग: नव्या उपकंपनीची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (यूजर्स, कॉम्प्युटर आणि त्यांचे अधिकार एका जागी सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची व्यवस्था) कशी बसवायची. त्यांचा हट्ट एकच, "आम्हाला आमचं चाइल्ड डोमेन द्या." म्हणजे आमच्या मुख्य डोमेनच्या (एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या यूजर्स-कॉम्प्युटरच्या गटाच्या) खाली त्यांचं वेगळं डोमेन. का, तर पासवर्डचे नियम वेगळे हवेत. अहो, हे कारण विंडोज सर्व्हर 2008 आलं तेव्हाच निकालात निघालं! त्याआधी एका डोमेनच्या यूजर्सना एकच पासवर्ड पॉलिसी असायची, आता ग्रुपनुसार वेगळी लावता येते.

खरी गंमत पुढेच. चाइल्ड डोमेन म्हणजे वेगळी चूल, असा त्यांचा समज. पण सुरक्षेची खरी सीमा डोमेन नाही, फॉरेस्ट (एकमेकांशी जोडलेल्या डोमेनांचा अख्खा समूह) आहे. रूट (फॉरेस्टमधल्या पहिल्या) डोमेनमधल्या एंटरप्राइझ अ‍ॅडमिनचा हात खालच्या प्रत्येक डोमेनपर्यंत पोचतो, आणि स्कीमा (कुठली माहिती कशी साठवायची याचा आराखडा) तर अख्ख्या फॉरेस्टचा एकच. हे ऐकून त्यांचे आयटी मॅनेजर पेन खाली ठेवून म्हणाले, "मग आम्हाला मिळणार काय?" जादा डोमेन कंट्रोलर (डोमेन चालवणारे सर्व्हर), त्यांचे बॅकअप आणि पॅचेस. दुसरं काय!

माझं मत साधं आहे. त्यांना एक ओयू (ऑर्गनायझेशनल युनिट, म्हणजे आमच्याच डोमेनमधला एक कप्पा) द्या आणि यूजर बनवणं, पासवर्ड रीसेट करणं, कॉम्प्युटर जोडणं हे अधिकार त्यांच्याच टीमकडे डेलिगेट करा. (डोमेन अ‍ॅडमिन, म्हणजे अख्ख्या डोमेनचा ताबा, मात्र कुणालाही नाही, कितीही गोड बोलले तरी.) पण उपकंपनी पुढेमागे विकायची असेल, तर आधीपासूनच वेगळं फॉरेस्ट आणि मध्ये ट्रस्ट (एका फॉरेस्टच्या यूजर्सना दुसऱ्यात ओळख मिळण्याची सोय), तोही सिलेक्टिव्ह ऑथेंटिकेशन लावून, म्हणजे परवानगी दिलेल्या सर्व्हरपुरताच प्रवेश.

"विकायचा विचार आहे का?" असं विचारल्यावर फायनान्सवाले एकदम मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. लेखी उत्तर येईपर्यंत मी एकही सर्व्हर उभा करणार नाहीये.